बाबेलच्या गुरुजींची खुर्ची

शास्त्रपाठ : दानिएल १:१-७, शास्ते १२:४-६



गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतील एक तरुण शिक्षिका आपल्या आईला बरोबर घेऊन घरी आली. थायलंडमधील एका शाळेत इंग्रजी शिकविण्याची नोकरी तिला मिळाली आहे. प्रवासासाठी प्रार्थना करावी, अशी मायलेकींची विनंती होती. मी प्रार्थना केली; प्रवास, प्रकृती, राहण्याची जागा, सारे काही प्रभूच्या हाती सोपविले. निघताना उंबऱ्यात थांबून मुलीने विचारले, "सर, तिथं गेल्यावर मी काय सांभाळायचं?" मी तोंड उघडण्यापूर्वीच आईने उत्तर दिले : खाणेपिणे सांभाळ, संगत सांभाळ, पैसे सांभाळ. मी त्यात रविवारच्या उपासनेची भर घातली, आणि त्या गेल्या.

त्या गेल्यावर मला चैन पडेना. कारण जे सांगायला हवे होते ते मी सांगितलेच नव्हते. ते सांगायचे म्हणजे माझी स्वतःची एक चूक उघडी करावी लागली असती, आणि त्या आनंदाच्या घटकेला माझे मन कचरले. तिला जे सांगितले नाही ते येथे लिहितो. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली अशीच बाहेर पडत आहेत. तसे हे नवे नाही. १९५० नंतरच्या काळात इथिओपियाच्या शाळांतून हजारो भारतीय शिक्षक इंग्रजीतून शिकवीत होते. पुढे आखाती देशांत आणि मालदीवच्या बेटांवरही आपले लोक खडू-फळा घेऊन पोहोचले. शिक्षक निघाला की आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ज्यांना तो शिकविणार आहे त्यांच्यासाठी आपण क्वचितच करतो.

दानिएलाचा पहिला अध्याय आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. यहूदा देशातील कुलीन, देखणी, बुद्धिमान मुले बंदिवान करून बाबेलला नेली जातात. त्यांना तीन वर्षे खास्द्यांची विद्या व भाषा शिकवावी, राजाच्या पंक्तीचे अन्न द्यावे, असा हुकूम सुटतो. त्यांची नावेही बदलली जातात. दानिएलाचा बेल्टशस्सर होतो. हा अध्याय आपण नेहमी त्या मुलांच्या बाजूला उभे राहून वाचतो. राजाचे मिष्टान्न नाकारून शाकभाजीवर राहिलेल्या त्या चौघांवर मी स्वतः चार-पाच वेळा तरी उपदेश केला असेल. (एकदा तर उपदेशानंतर मंडळीत प्रीतिभोजन होते, आणि मटणाच्या पातेल्याकडे कोणी वळेना!) परंतु त्या अध्यायात आणखी एक माणूस आहे. खोजांचा अधिकारी अश्पनज याचे नाव शास्त्रात दिले आहे. पण शिकविण्याचा हुकूम झाला म्हणजे वर्गात उभा राहून शिकविणारा कोणी तरी असलाच पाहिजे. त्याचे नाव नाही, त्याच्याविषयी एक शब्दही नाही. कदाचित तो सज्जन असेल, मुलांची प्रगती पाहून संतोष पावत असेल. पण दानिएल या नावाचा अर्थ 'देव माझा न्यायाधीश आहे' असा होतो, हे त्याने त्या मुलाला कधी विचारले असेल काय? तू कोणत्या गावचा, तुझे घर कसे होते, ते आता आहे की जळाले, हे विचारले असेल काय? की नवे नाव उच्चारायला सोपे पडते, एवढ्यावरच त्याचे समाधान झाले असेल?

वाचकहो, इंग्रजी शिकविण्यास परक्या मुलखात जाणारा आपल्यातील प्रत्येक जण स्वतःला दानिएल समजतो. घर सोडलेला, एकटा, परक्या अन्नापाण्यात आपली श्रद्धा राखणारा असा. ते अंशतः खरेही आहे. पण वर्गाच्या दारातून आत शिरताच तो दानिएल राहत नाही. तो त्या निनावी गुरुजींच्या खुर्चीत बसतो. ज्या भाषेत आज जगाचा व्यापार चालतो, नोकऱ्या मिळतात, परदेशाचे दरवाजे उघडतात, ती भाषा त्याच्या हातात असते, आणि समोरच्या मुलांना तिची गरज असते. ही खुर्ची मला म्हैसूरमध्ये मिळाली.

म्हैसूर परदेश नव्हे, हे मला ठाऊक आहे. अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, एका रात्रीच्या प्रवासाने आपण त्या बाजूला लागतो. पण निवृत्तीनंतर २००७ साली मुलाच्या नोकरीमुळे आम्ही उभयता तेथे राहावयास गेलो, तेव्हा माझी भाषा माझ्या दाराबाहेर संपत होती. रस्त्यावरची एकही पाटी वाचता येत नव्हती. रविवारी कन्नड उपासनेत बसलो की 'येसु' आणि 'आमेन' यांखेरीज काही कळत नसे. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला मी माणूस दुकानदारापुढे बोटाने खुणा करीत असे.

देवराज मार्केटात एका म्हाताऱ्या बाईंकडून मी केळी घेत असे. नंजनगूडची रसबाळे म्हणून एक लहान, सुगंधी जात तिकडे प्रसिद्ध आहे. चार शब्द शिकल्यावर मोठ्या ऐटीत मी म्हणालो, "हण कोडि." बाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिले. कन्नडमध्ये फळाला हण्णु म्हणतात आणि हण म्हणजे पैसे! मी त्या गरीब बाईंकडे पैसे मागत होतो. शेजारचा फुलवाला हसू लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक केळ माझ्या हातावर ठेवले, त्यावर बोट टेकवून सावकाश म्हणाल्या, "हण्णु", मग माझ्या खिशाकडे बोट दाखवून, "हण." मी दोन्ही शब्द म्हणून दाखविले तेव्हाच त्यांनी पुढची केळी मोजली. अध्यापनाच्या पदवीसाठी मी वर्षभर जे शिकलो त्याहून चांगला पाठ मी त्या दिवशी पाहिला. पण पाहिला एवढेच. तो शिकायला मला आणखी काही महिने लागले.

म्हैसूर ही एका अर्थाने भाषा शिकणाऱ्यांचीच नगरी आहे. १९६९ पासून तेथे मानसगंगोत्रीच्या परिसरात भारतीय भाषा संस्थान आहे. त्याच्या प्रादेशिक केंद्रात इतर राज्यांतील नोकरीतले शिक्षक दहा महिने राहून कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा मलयाळम शिकतात. तेथे शिकणाऱ्या एका शिक्षकांची ओळख झाली. ते सांगत, "पंधरा वर्षं पोरांच्या शुद्धलेखनाला लाल शाई लावली, आता माझ्या वहीत लाल शाई येते तेव्हा रात्री झोप येत नाही." प्रत्येक भाषाशिक्षकाला दर काही वर्षांनी असे बाकावर बसवावे, असे माझे मत झाले आहे. पण ते त्यानंतर झाले.

शहरातील एका ठिकाणी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चाले. तेथे मी शिकवू लागलो. आसपासच्या खेड्यांतून आलेले नोकरी शोधणारे तरुण होते, येमेनमधून विद्यापीठात शिकायला आलेले दोघे होते, एक कोरियन मुलगी होती, आणि गडद तांबड्या वस्त्रांतला एक तरुण तिबेटी भिक्षू होता. तो बैलकुप्पेचा. म्हैसूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, कोडगूच्या वाटेवर ही तिबेटी वसाहत आहे. १९५९ मध्ये तिबेटी लोक देश सोडून भारतात आले, तेव्हा तत्कालीन म्हैसूर राज्याने त्यांना सुमारे ३,००० एकर जंगलजमीन दिली, आणि १९६०-६१ च्या सुमारास तेथे वस्ती उभी राहू लागली. बर्फातून आलेली माणसे दक्षिणेच्या उन्हात झाडे तोडून मका पेरू लागली. पुढे तेथे मोठमोठे मठ झाले. हे सारे मला आज ठाऊक आहे. त्या वेळी मला एवढेच ठाऊक होते की त्या मुलाचे नाव लांब आहे, म्हणून मी त्यातले पहिले अक्षर तेवढे घेऊन त्याला हाक मारीत असे.

एकदा मी वर्गाला 'माझे आजोबा' या विषयावर दहा ओळी लिहून वाचावयास सांगितले. त्या मुलाने दहा नव्हे, दोन पाने लिहून आणली होती. तो उभा राहून वाचू लागला. तिबेटी भाषेत वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढण्याचा इंग्रजी 'एफ' नाही. तेथे ते लोक 'प' म्हणतात. आणि त्याच्या आजोबांच्या कहाणीत 'एफ'शिवाय दुसरे जणू काही नव्हते. आजोबा म्हणजे बापाचा बाप, तेथे एफ. त्यांचे शेत, तेथे एफ. ते पायी निघाले, तेथे एफ. पुष्कळ दूर, तेथे एफ. चार मुले, एकोणसाठ साल, सगळीकडे एफ. मी त्याला पहिल्या शब्दाला थांबविले आणि उच्चार करून दाखविला. दुसऱ्याला थांबविले. तिसऱ्याला आरसा आणायला हवा असे म्हणालो. वर्ग हसला, आणि खोटे कशाला बोलू, मलाही ते हसणे आवडले. सहाव्या की सातव्या शब्दाला त्याने पाने घडी करून झग्यात ठेवली आणि तो खाली बसला. मी म्हणालो, "सराव कर, उद्या पूर्ण वाच." उद्या तो आला नाही. परवाही नाही.

एक माणूस शेतघर सोडून, चार मुले घेऊन, पायी डोंगर ओलांडून आला. त्याचा नातू ती कथा एका परक्या भाषेत मला सांगत होता. आणि मी त्याचे दात मोजत होतो.

हे मला तेव्हा जाणवले नाही. ते जाणवून दिले कोरियन मुलीने, आणि तिला स्वतःला त्याची कल्पनाही नसावी. ती ख्रिस्ती होती. एका संध्याकाळी सर्व जण गेल्यावर ती इंग्रजी शास्त्र घेऊन माझ्याकडे आली आणि योहानाचा पंधरावा अध्याय वाचून दाखवा म्हणाली. मी वाचला. द्राक्षवेलीचा तो सुंदर अध्याय. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग उठून तिने दार लोटून घेतले, आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, "सर, येशू स्वतःला द्राक्षारस म्हणतो का?" इंग्रजीत वेलीचा 'व' आणि द्राक्षारसाचा 'व' वेगळे आहेत. आपल्या मराठी जिभेला दोन्ही एकच. पस्तीस वर्षे मी दोन्ही शब्द एकसारखेच म्हणत आलो होतो आणि महाराष्ट्रात मला कोणी टोकले नव्हते, कारण टोकणाऱ्यांचेही तेच होते! तिने मला टोकले ते दार लोटून घेऊन. मी मात्र त्या मुलाला वीस जणांसमोर टोकले होते. माझ्या लक्षात आले की त्या दिवशी हसणाऱ्यांत ती नव्हती. तिच्या भाषेतही 'एफ' नाही.

त्या रात्री मी शास्ते पुस्तकाचा बारावा अध्याय काढला. गिलादी आणि एफ्राइमी यांचे युद्ध झाले. पराभूत एफ्राइमी यार्देनेच्या उताराशी येऊन पलीकडे जाऊ द्या म्हणत. गिलादी लोकांनी तेथे परीक्षा ठेवली होती. शिब्बोलेथ हा शब्द म्हणून दाखवायचा. ज्याला 'श' येत नसे, जो 'सिब्बोलेथ' म्हणे, त्याला तेथेच ठार करीत. त्या काळात ४२,००० माणसे पडली, असे शास्त्र सांगते. या शब्दाचा अर्थ काय, ठाऊक आहे? धान्याचे कणीस. काहींच्या मते पाण्याचा लोंढा. पोटाला अन्न देणारा किंवा तहान भागविणारा असा तो शब्द. गुन्हा शब्दाचा नव्हता, तो ज्या तोंडी परीक्षेसाठी वापरला तिचा होता. आणि लक्षात घ्या, दोन्ही बाजूंचे लोक इस्राएलीच होते. परक्याने मारले नाही, भावाने मारले. इंग्रजीच्या एकेका अक्षरावर आजही मुलाखतीच्या खोलीत, विमानतळाच्या खिडकीशी माणसे अडतात. तेथे तरवार नसते, एवढाच फरक. त्या उतारावर पहारेकरी म्हणून उभे राहायचे की हात धरून पलीकडे न्यायचे, हे शिक्षकाला रोज ठरवावे लागते. शुद्ध उच्चार शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. केळीवाल्या बाईंनी मला शुद्ध उच्चार शिकविल्याशिवाय केळी मोजली नव्हती.

म्हैसूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. तेथे गंजाम भागात एक जुने चर्च आहे; आबे द्युबुआ या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने ते ओळखले जाते. टिपू सुलतान १७९९ मध्ये पडल्यावर द्युबुआ म्हैसूर राज्यात आला आणि विस्कटलेल्या ख्रिस्ती लोकांची घडी बसवू लागला. त्याने येथील वेश घेतला, येथील अन्न घेतले, देवीची लस लोकांनी टोचून घ्यावी म्हणून खटपट केली. लोक त्याला दोड्ड स्वामी, म्हणजे थोरले स्वामी म्हणत. येथील लोकांच्या चालीरीतींवर त्याच्या नावाने जो ग्रंथ आहे त्याचे हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने विकत घेतले, आणि १८१६ मध्ये ते इंग्रजीत छापले गेले. पण तीस वर्षांनंतर, १८२३ मध्ये, तो फ्रान्सला परत गेला आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्याने लिहिले की या लोकांत सुवार्तेला आता काही आशा उरलेली नाही. त्या चर्चच्या सावलीत बसून मी पुष्कळ विचार केला. वेश बदलला, ताट बदलले, तरी लोक त्याच्यासाठी अभ्यासाचा विषयच राहिले की काय? त्याच्या श्रमांचा न्याय करणारा मी कोण. कॉलऱ्याच्या आणि देवीच्या काळात तो लोकांजवळ राहिला, मी तर दोन वर्षांत घरी परतलो. तरीही त्याच्या शेवटाने मी घाबरलो, कारण माझ्याही वहीत विद्यार्थ्यांच्या चुकांची यादी होती, त्यांच्या कहाण्यांची नव्हती.

याच्या उलट उदाहरण आपणा मराठी ख्रिस्ती लोकांना दूर शोधावे लागत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. इंग्रजी ही त्याची जन्मभाषा. पण आपण आज त्याला ओळखतो ते १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणामुळे. हजारो मराठी ओव्या त्याने रचल्या. माझ्या गावी सिंथिया फरार नावाची अमेरिकन शिक्षिका १८३९ मध्ये आली. त्यापूर्वी १८२७ पासून ती मुंबईत मुलींच्या शाळा चालवीत होती. १८६२ मध्ये ती आमच्याच गावच्या मातीत मिसळली. सावित्रीबाई फुले तिच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी नगरला येऊन राहिल्या होत्या. या दोघांनी शिकविण्यापूर्वी शिकून घेतले. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत पवित्र आत्मा उतरला, तेव्हा जमलेल्या सर्वांना एकच भाषा समजू लागली, असे घडले नाही. पार्थी, मेदी, एलामी, प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत ऐकले. देवाला एकाच भाषेवर भागवता आले असते. त्याने बोलणाऱ्यांच्या जिभांना कष्ट दिले, ऐकणाऱ्यांच्या नव्हे.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, मी बसने बैलकुप्पेला गेलो. पत्नीने बरोबर रसबाळे दिली होती. मठाच्या दाराशी मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्याच्याविषयी विचारू लागलो, आणि त्याचे पूर्ण नाव मला उच्चारता येईना. ज्याला मी सहा शब्दांसाठी अडविले होते त्याच्या दारात मी नावासाठी अडलो होतो. तीनदा प्रयत्न केल्यावर एका वृद्ध भिक्षूने ते ओळखले आणि मला आत नेले.

तो लहान भिक्षूंना शिकवीत होता. मला पाहून तो उठला, दोन्ही हात जोडून "सर" म्हणाला, आणि आपली बैठक मला देऊ लागला. मी बसलो नाही. मी त्याला म्हणालो की मी क्षमा मागायला आलो आहे, आणि तुझे आजोबा पुढे कसे आले ते ऐकायला आलो आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाने मठात नाहीत. पण पाठ आहेत." आणि त्याने सांगितले. आजोबा हिमालयात रस्त्याच्या कामावर दगड फोडीत होते. तेथे चारपैकी एक मुलगा गेला. मग आगगाडीने दक्षिणेला आले, तेव्हा इतकी गरमी असते हे त्यांना खरेच वाटेना. तो 'पादर' म्हणत होता, 'पार्म' म्हणत होता. मला एकही शब्द न कळल्यासारखे झाले नाही.

मी त्याला प्रभूविषयी काही सांगितले काय, असे कोणी विचारील. त्याने विचारले होते, आपण एवढ्या लांब का आलात? मी म्हणालो, माझ्या गुरूने सांगून ठेवले आहे की वेदीशी अर्पण घेऊन गेलास आणि तेथे भावाचे काही तुझ्याविरुद्ध आहे असे आठवले, तर अर्पण ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. तो म्हणाला, "चांगले गुरू आहेत."

तोवर मुले खोळंबली होती. ती आपले पाठ म्हणू लागली, आणि मी चकित झालो. क, ख, ग, ङ. आपलीच मुळाक्षरे! तिबेटी लिपी भारतातूनच तिकडे गेली, असे त्यांची परंपरा सांगते; 'घ' तेवढा वाटेत राहिला. मुलांनी मला त्यांच्यात बसवले. 'ङ' या अक्षराला त्यांच्या भाषेत पूर्ण अर्थ आहे : मी. आपल्या मुळाक्षरांत तो आहे, पण आपण त्याने शब्द कधी सुरू करीत नाही. कितीएक मराठी शिक्षकांप्रमाणे मीही आयुष्यभर तो वगळून पुढे गेलो होतो. मी 'न' म्हणालो. मग 'ग' म्हणालो. मग दोहोंच्या मधले काही तरी. चाळीस मुंडलेली डोकी हसून हसून लोळू लागली.

तो मात्र हसला नाही. त्याने हात वर केला, मुले गप्प झाली. मग तो माझ्यासमोर गुडघे दुमडून बसला, आपले तोंड उघडून जीभ कोठे लागते ते मला दाखविले, आणि सावकाश म्हणाला, "सर, पुन्हा एकदा."